वीस मेंढ्या, एक नर आणि पहिले वर्ष

वीस मेंढ्या आणि एक नर. महाराष्ट्रात मेंढीपालनाच्या सरकारी मदतीचे बोलणे बहुतेक वेळा या आकड्यापासून सुरू होते. पंचायत समितीच्या फळ्यावर असो की गावातल्या व्हॉट्सॲप गटावर, ‘२० + १, ७५ टक्के अनुदान’ एवढेच शब्द ठळक दिसतात. बारा आण्यांचा खर्च सरकार उचलणार म्हटल्यावर पुढची आकडेमोड करायला फारसे कोणी बसत नाही. ती अर्ज भरण्याआधीच व्हायला हवी. अनुदानातून मेंढरे येतात, निवारा उभा राहतो. पण मेंढरे दारात आल्यापासून पहिले कोकरू बाजारात जाईपर्यंतचे आठ-दहा महिने मेंढपाळाला स्वतःच्या बळावर काढायचे असतात. कळप मोडायची वेळ येते ती बहुधा याच काळात. म्हणून कोणती योजना घ्यायची, हा प्रश्न दुसरा. आपल्याकडे चारा, पाणी, माणूस आणि हाताशी राखून ठेवलेला पैसा किती आहे, हा पहिला.

राज्यातली सर्वांत परिचित योजना म्हणजे राजे यशवंतराव होळकर महामेष योजना. ती २०१७ मध्ये सुरू झाली. पुण्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ ती राबवते. मुंबई आणि मुंबई उपनगर सोडून राज्यातल्या ३४ जिल्ह्यांत ती लागू आहे आणि लाभ भटक्या जमाती (भज-क) प्रवर्गातील धनगर व तत्सम जमातींसाठी आहे. स्वतःची मेंढरे नसलेल्या कुटुंबाला २० मेंढ्या व १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. उरलेला २५ टक्के हिस्सा लाभार्थ्याने भरायचा असतो. एका जागी राहून मेंढ्या सांभाळणारा आणि वाडा म्हणजे कळप-बिऱ्हाड घेऊन फिरणारा, असे दोन प्रकार या योजनेत वेगळे धरले आहेत. हा फरक अर्ज भरताना जपून पाहावा. दोन्हींतला पायाभूत सोयींचा खर्च सारखा नाही, आणि वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरणाऱ्या कुटुंबाने केवळ रक्कम मोठी दिसते म्हणून स्थायी गटासाठी अर्ज केला, तर पक्का निवारा गावी रिकामा पडून राहतो.

महामेष म्हणजे फक्त नवा गट, असा एक समज आहे. ज्याच्याकडे आधीच मेंढरे आहेत त्याला याच योजनेत सुधारित जातीचा नर अनुदानावर मिळतो. कळपाच्या आकारानुसार एक ते पाच नरांपर्यंत. पायाभूत सोयी आणि संतुलित खाद्य यांसाठी ७५ टक्के, तर मुरघास आणि त्याच्या गासड्या बांधण्याचे यंत्र यांसाठी ५० टक्के अनुदानाची तरतूद आहे. यातला नराचा भाग लोकांच्या बोलण्यात फार कमी येतो, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. साठ-सत्तर मेंढरांच्या कळपात वर्षानुवर्षे त्याच कळपात जन्मलेला नर ठेवला, की बापलेकीचा संयोग होतो. कोकरे खुरटी निघतात, मरतूक वाढते, आणि दोष पावसाला किंवा चाऱ्याला दिला जातो. दर दोन वर्षांनी बाहेरचा नर आणला तर याच मेंढ्या वेगळी पिलावळ देतात. ज्याचा कळप आहे त्याने नव्या गटाच्या मागे धावण्यापेक्षा नरासाठी अर्ज करावा, असे आवर्जून सांगावेसे वाटते.

फिरत्या मेंढपाळांसाठी आणखी एक मदत आहे, चराई अनुदानाची. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शेते पेरलेली असतात, वनखात्याची कुरणे बंद असतात आणि कळप न्यायला जागा उरत नाही. या काळासाठी दरमहा ६,००० म्हणजे एकूण २४,००० रुपये अशी ही तरतूद आहे. भूमिहीन मेंढपाळाला बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त मेंढीपालनासाठी एक गुंठा जागा विकत घ्यायला किमतीच्या ७५ टक्के, कमाल ५०,००० रुपये मिळू शकतात. जागा विकत घेणे जमत नसेल तर ३० वर्षांच्या भाडेकरारासाठीही मदत आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर पाल ठोकणाऱ्या कुटुंबाच्या नावावर एक गुंठा येणे ही साधी गोष्ट नव्हे. रहिवासी दाखला, रेशनकार्ड, मुलांची शाळा अशा कितीतरी गोष्टी त्या एका गुंठ्याला जोडलेल्या असतात.

भज-क प्रवर्गाबाहेरच्या शेतकऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी पशुसंवर्धन विभागाची शेळी-मेंढी गट वाटपाची योजना आहे. ती ‘महाबीएमएस’ या संकेतस्थळावरून चालते. यात गट १० मेंढ्या व १ नर असा असतो. २०२१ च्या शासन निर्णयात माडग्याळ जातीच्या गटाची किंमत विम्यासह १,२८,८५० रुपये, तर दख्खनी व इतर स्थानिक जातींच्या गटाची १,०३,५४५ रुपये धरली होती. सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान. म्हणजे दख्खनी गट घेणाऱ्या सर्वसाधारण शेतकऱ्याने ५१,७७३ रुपयांच्या आसपास आणि अनुसूचित प्रवर्गातल्या शेतकऱ्याने २५,८८६ रुपयांच्या आसपास स्वतःचे घालायचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, अल्प व अत्यल्प भूधारक, सुशिक्षित बेरोजगार आणि बचतगटातील महिला यांना निवडीत प्राधान्य असते.

या दरांमागे एक गोष्ट दडलेली आहे. त्या निर्णयात दख्खनी मेंढी ८,००० आणि नर १०,००० रुपये, माडग्याळ मेंढी १०,००० आणि नर १२,००० रुपये असा भाव धरला होता. दुसऱ्या वेताची, भरल्या अंगाची गाभण मेंढी बाजारात या भावाला मिळेलच असे नाही. मग दोनच वाटा उरतात: वरचा फरक स्वतः भरायचा, किंवा भावात बसतील तशी मेंढरे घ्यायची. दुसरी वाट स्वस्त वाटते, पण दात झिजलेल्या म्हाताऱ्या मेंढ्या अनुदानावर मिळाल्या तरी महागच पडतात. अर्ज करताना विभागाच्या कार्यालयात चालू वर्षाचा दर विचारावा आणि आपल्या हिश्श्यावर थोडी जास्तीची रक्कम राखून ठेवावी.

मोठ्या प्रमाणावर उतरू पाहणाऱ्यांसाठी केंद्राचे राष्ट्रीय पशुधन अभियान आहे. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाची २०२१-२२ मध्ये नव्याने मांडणी झाली आणि त्यात उद्योजकता विकासाचा भाग आला. येथे अनुदान प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के असते आणि कमाल मर्यादा कळपानुसार ठरते. १०० मेंढ्या व ५ नरांसाठी १० लाख, २०० व १० साठी २० लाख, अशा पायऱ्यांनी ५०० मेंढ्या व २५ नरांसाठी ५० लाख रुपये. वैयक्तिक शेतकरी, बचतगट, शेतकरी उत्पादक कंपनी, संयुक्त देयता गट असे सगळे अर्ज करू शकतात. अर्ज ‘उद्यमीमित्र’ संकेतस्थळावरून होतो आणि पैसा सिडबी (लघु उद्योग विकास बँक) मार्फत येतो.

‘पन्नास लाखांचे अनुदान’ हे शब्द ऐकून शहरातली नोकरी सोडून गावी परतायची तयारी करणारे तरुण आज बरेच दिसतात. त्यांनी पैसा येण्याचा क्रम नीट समजून घ्यावा. समजा, १०० + ५ चा प्रकल्प २० लाखांचा आहे. यात आधी बँकेचे कर्ज मंजूर व्हावे लागते, स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. अनुदान दोन समान हप्त्यांत येते: कर्जाचा पैसा सुटल्यावर पहिले ५ लाख, आणि प्रकल्प पुरा होऊन राज्याच्या यंत्रणेने पाहणी केल्यावर उरलेले ५ लाख. तोपर्यंतचे व्याज अर्जदाराच्या खात्यावर चढत राहते. जमीन खरेदी, जागेचे भाडे, स्वतःच्या वापराची गाडी आणि खेळते भांडवल या गोष्टी अनुदानात धरल्या जात नाहीत. म्हणजे शंभर मेंढ्यांचा रोजचा चारा, राखणदाराचा पगार, औषधे हे सगळे वेगळे उभे करायचे. शिवाय जमीन स्वतःची किंवा भाडेकराराची, आणि अनुभव किंवा प्रशिक्षणाचा पुरावा, किमान या विषयातला जाणकार माणूस सोबत असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्याने आजवर पाच मेंढ्याही सांभाळलेल्या नाहीत, त्याने शंभराचा प्रकल्प घेऊ नये. आधी दहा-वीस मेंढ्यांवर एक पावसाळा काढावा.

खेळत्या भांडवलाची सोय किसान क्रेडिट कार्डातून होऊ शकते. ही सवलत पूर्वी पीककर्जापुरती होती. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती पशुपालन आणि मत्स्यव्यवसायाला खुली झाली. पशुपालनासाठी २ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याज, आणि वेळेवर परतफेड केली तर आणखी ३ टक्क्यांची सूट, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. बँकेचा माणूस ‘मेंढ्यांसाठी किसान कार्ड नसते’ म्हणाला तर गप्प परत येऊ नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याचे शिफारसपत्र जोडावे.

आता चाऱ्याकडे वळू. पूर्ण वाढलेली दख्खनी मेंढी रोज साधारण एक ते सव्वा किलो कोरडा चारा खाते. हिरव्या चाऱ्यात हाच आकडा चार ते पाच किलो होतो. एकवीस मेंढरे पूर्ण बंदिस्त ठेवली तर रोज शंभर किलो हिरवा चारा, वर्षाला ३६ टनांच्या घरात. संकरित नेपियरचे फुले जयवंतसारखे वाण लावले, पाणी बाराही महिने असले, तरी यासाठी जवळपास एक एकर बागायत गुंतते. नुसत्या गवतावर मेंढी भरत नाही. लसूणघास, दशरथ घास, शेवरी, सुबाभूळ असे काहीतरी द्विदल सोबत लागते. जिथे ऊस आणि डाळिंबाला पाणी पुरत नाही, त्या माण-खटाव, जत, सांगोला पट्ट्यात हा एकर कुठून आणायचा? म्हणूनच या भागात अर्धबंदिस्त पद्धत बरी: दिवसा चराई, संध्याकाळी गोठ्यात थोडा चारा आणि मूठभर खुराक. निवाऱ्यासाठी मेंढीमागे १० ते १२ चौरस फूट छपराखालची आणि तिच्या दुप्पट मोकळी जागा धरावी. चार भिंतींचा खर्चिक गोठा लागत नाही. उंचवट्यावरची, पाणी न साचणारी जागा, पाऊस-वारा अडेल असे छप्पर आणि लांडगा-कुत्रा आत येणार नाही अशी जाळी, एवढे पुरते. वाड्यावरची वाघूर, म्हणजे दोरीची जाळी, अजूनही हेच काम करते.

पहिल्या वर्षाचे गणित कागदावर मांडून पाहावे. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. रिकाम्या मेंढ्या घेतल्या, महिन्याभरात त्या फळल्या, तर सहाव्या महिन्यात कोकरे येतील आणि ती विकायला तीन-चार महिने आणखी लागतील. समजा, वीसपैकी सोळा व्याल्या, जुळे झाले नाही आणि दोन कोकरे दगावली. हाती चौदा राहतात. त्यांतल्या निम्म्या माद्या असतील तर त्या कळप वाढवायला ठेवायच्या. विक्रीला पहिल्या वर्षी सात पालवे, म्हणजे नर कोकरे. या सात पालव्यांच्या पैशावर घरखर्च, चारा आणि कर्जाचा हप्ता भागेल का, हे स्थानिक बाजारात चौकशी करून ठरवावे. गाभण मेंढ्या घेतल्या तर हा काळ चार-पाच महिन्यांनी कमी होतो, म्हणून खरेदीच्या वेळी निम्म्या तरी गाभण मागाव्यात. लोकरीच्या उत्पन्नावर मात्र काही अवलंबून ठेवू नये. दख्खनी लोकर जाडीभरडी असते, घोंगड्यांची मागणी घटली आहे आणि वर्षातून दोनदा कातरणीची मजुरी बरेचदा लोकरीच्या भावापेक्षा जास्त बसते. लेंडीखताचे तसे नाही. शेतात मेंढ्या बसवून घेणारे बागायतदार रोख किंवा धान्य देतात. फिरत्या वाड्याचा दाणागोटा मोठ्या प्रमाणात यावरच चालतो.

जातीची निवडही याच गणिताशी बांधलेली आहे. दख्खनी काटक, लांब चालणारी, कमी चाऱ्यावर तगणारी. सांगलीच्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची माडग्याळ मेंढी उंच, बाकदार नाकाची, वजनाने भारी. तिला भाव चांगला मिळतो, पण पोटही मोठे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा हा वाण तयार केला. यात जुळी कोकरे जास्त मिळतात, मात्र दोन पिलांना पुरेल इतके दूध मेंढीच्या अंगी यायला खुराक चुकवून चालत नाही. उजाड माळावर फिरणाऱ्याने दख्खनी घ्यावी, घरी चारा-खुराक असलेल्याने माडग्याळ किंवा नारी सुवर्णाचा विचार करावा.

खरेदीचा दिवस सर्वांत जोखमीचा, आणि त्याबाबत तेलंगणाचा दाखला डोळ्यांपुढे ठेवावा. २०१७ च्या जूनमध्ये त्या राज्याने यादव आणि कुरुमा समाजातील कुटुंबांसाठी देशातली सर्वांत मोठी मेंढीवाटप योजना सुरू केली. तिथेही गट २० + १ चा आणि अनुदान ७५ टक्के. गटाची किंमत १.२५ लाख, त्यातले ३१,२५० रुपये लाभार्थ्याचे. पुढे किंमत १.७५ लाख झाली. २०१९ च्या पशुगणनेत सुमारे १.९ कोटी मेंढ्यांसह तेलंगणा देशात पहिला आला, तर महाराष्ट्र २७ लाखांच्या आसपास होता. पण त्याच योजनेच्या लेखापरीक्षणात मेंढ्यांच्या वाहतुकीच्या बिलांवर दुचाकी, ऑटो आणि रुग्णवाहिकांचे क्रमांक सापडले, कानातल्या बिल्ल्यांचे आकडे पुन्हा पुन्हा वापरलेले आढळले. तीच मेंढरे कागदावर पुन्हा विकली गेली, की खऱ्या मेंढपाळाच्या हाती काही पडत नाही. म्हणून खरेदीला स्वतः जावे, दलालाच्या भरवशावर राहू नये. प्रत्येक मेंढीच्या कानातला बारा अंकी बिल्ला खरेदीच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे.

मेंढी पाहताना दोन किंवा चार दाती असावी. कासेचे दोन्ही सड मोकळे आणि गाठ नसलेले. डोळ्याची आतली पापणी लालसर असावी, पांढुरकी दिसली तर पोटात जंत आहेत असे समजावे. नराची दोन्ही अंडे सारखी आणि घट्ट हवीत. लांबच्या जिल्ह्यातून आणलेली मेंढरे पंधरा-वीस दिवस जुन्या कळपापासून वेगळी ठेवावीत.

मरतुकीचे मोठे कारण टाळता येण्याजोगे असते. पीपीआर, देवी, आंत्रविषार, घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी उपलब्ध आहेत. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्येच व्हायला हवी. पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत खाऊन धडधाकट मेंढ्या एका रात्रीत पडतात त्या याच रोगाने. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंताचे औषध द्यावे. वाडा कोकणात किंवा लांब उतरणार असेल तर निघण्यापूर्वी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीकरणाची नोंद करून घ्यावी.

विम्याच्या बाबतीत २०२४ मध्ये चांगला बदल झाला. पशुधन अभियानात पशुपालकाचा विमाहप्त्याचा हिस्सा १५ टक्क्यांवर आला. बाकी रक्कम केंद्र व राज्य ६०:४० प्रमाणात भरतात. एका कुटुंबाला १०० मेंढ्यांपर्यंत ही सवलत आहे. मेंढी दगावली तर त्याच दिवशी विमा कंपनीला आणि पशुवैद्यकाला कळवावे, शवविच्छेदन करून घ्यावे आणि बिल्ला असलेला कान जपून ठेवावा. मेंढी पुरून टाकल्यावर दावा केला तर तो मान्य होत नाही.

अर्ज कोणाच्या नावे करावा, याचाही विचार व्हावा. योजनांमध्ये ३० टक्के लाभ महिलांसाठी राखीव आहे. वाड्यावर कोकरांना पाजणे, आजारी मेंढी ओळखणे, दिवसभराची मोजदाद ही कामे बायकाच करतात; तरी कागदांवर नाव बहुतेक घरातल्या पुरुषाचे असते. बचतगटात असलेल्या बाईच्या नावाने अर्ज गेला तर निवडीची शक्यता वाढते आणि कळपावर तिचा कायदेशीर हक्कही राहतो.

कागदपत्रे आधीपासून तयार ठेवावीत: आधारशी जोडलेले बँक खाते, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सातबारा किंवा भाडेकरार, बचतगटाचा दाखला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. अर्ज मागवण्याची मुदत थोडी असते आणि जातीच्या दाखल्याला त्याहून जास्त दिवस लागतात. प्रशिक्षणासाठी महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत: सांगलीत रांजणी, सोलापुरात महूद, साताऱ्यात दहिवडी, छत्रपती संभाजीनगरला पडेगाव, जळगावात बिलाखेड, अमरावतीत पोहरा, नांदेडमध्ये मुखेड, धाराशिवमध्ये तीर्थ. जवळच्या प्रक्षेत्रावर एक दिवस जाऊन तिथले कळप, निवारे आणि चाऱ्याचे प्लॉट पाहून यावे. नरांची उपलब्धता आणि दरही तिथेच विचारता येतात, आणि निवड यादीत नाव लागण्याची वाट पाहत असतानाही ही फेरी करता येते.